पेट्रोल पंपावरची भेट : याप स्टामची विक्री आणि त्यानंतरची सहा वर्षं

ऑगस्ट २००१ च्या शेवटच्या आठवड्यात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारा, याप स्टाम रोमच्या लाझिओ या इटालियन क्लबला विकला. स्टामला तेव्हा एकोणतीस पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. तो तीन हंगाम युनायटेडकडून खेळला आणि तिन्ही हंगामांत युनायटेडने लीग जिंकली. १९९९ मध्ये तर लीग, इंग्लंडचा एफए कप आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक एकाच मोसमात घरी आणले. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षं त्याला युरोपातला सर्वोत्तम बचावपटू ठरवलं होतं. असा खेळाडू हंगामाचे दोन सामने होतात न होतात तोच विकला गेला आणि त्याच्या जागी पस्तीस वर्षांचा लोरां ब्लां आला.

पुढे बरीच वर्षं गेल्यावर युनायटेडचे तेव्हाचे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी हा निर्णय चुकल्याचं उघडपणे मान्य केलं. त्यामुळे 'चूक होती का' या प्रश्नात आता फारसं काही उरलेलं नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. खेळाची इतकी पारख असलेल्या माणसाकडून ती चूक झालीच कशी? त्याच्यासमोर त्या वेळी काय माहिती होती, त्यातली कुठली त्याने धरली आणि कुठली निसटली?

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलो आणि आमच्या तालमीच्या टीमकडून चार-पाच वर्षं स्टॉपर खेळलो. गोल खाल्ला की अख्खं स्टेडियम स्टॉपरकडे बघतं. गोल झाला नाही तर त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. न घडलेली गोष्ट मोजायची कशी, हा या जागेचा कायमचा प्रश्न आहे. स्टामच्या प्रकरणात तोच प्रश्न दीड कोटी पौंडांच्या व्यवहारात येऊन उभा राहिला.

काम्पेन ते मँचेस्टर

स्टामचा जन्म १७ जुलै १९७२ चा, नेदरलँड्समधल्या आयसेल नदीकाठच्या काम्पेन या जुन्या व्यापारी गावातला. मोठ्या क्लबच्या अकादमीत घडलेला हा मुलगा नाही. गावच्या हौशी क्लबात खेळत राहिला आणि १९९२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, शेजारच्या झ्वोले गावात व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. मग लेवार्डनचा काम्बुर, टिलबर्गचा विलेम टू आणि १९९६ मध्ये आइंडहोवनचा पीएसव्ही. दर एक-दोन वर्षांनी एक पायरी वर. पीएसव्हीने त्याच्या पहिल्याच हंगामात लीग जिंकली आणि १९९७ मध्ये तो नेदरलँड्सचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

१९९८ च्या उन्हाळ्यात युनायटेडने त्याच्यासाठी सुमारे एक कोटी सहा लाख पौंड मोजले. जगात तोवर कुठल्याच बचावपटूला एवढी किंमत आली नव्हती. सुरुवात मात्र वाईट झाली. ९ ऑगस्टला वेम्बलीवर आर्सेनलने युनायटेडला ३-० असं हरवलं आणि सप्टेंबरमध्ये लीगच्या सामन्यात पुन्हा ३-०. एवढे पैसे कशासाठी दिले, असं इंग्लंडमध्ये उघड विचारलं जाऊ लागलं. आठ महिन्यांनी, २६ मे १९९९ च्या रात्री, बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर बायर्न म्युनिकविरुद्ध तो रॉनी यॉन्सनच्या बाजूला उभा होता. रॉय कीन आणि पॉल स्कोल्स दोघंही निलंबित असल्याने मधली फळी विस्कळीत होती आणि मागच्या चौघांवर नेहमीपेक्षा जास्त भार होता. ती रात्र लोकांच्या लक्षात आहे ती शेवटच्या मिनिटांतल्या दोन गोलांमुळे. पण ते दोन गोल कामी आले, कारण तोवर फळ्यावर ०-१ होतं, ०-२ किंवा ०-३ नव्हतं. बायर्नचे दोन फटके गोलखांबाला आणि आडव्या दांडीला लागून परतले, म्हणजे नशिबानेही साथ दिली, हेही सांगायला हवं.

तो नेमकं काय करायचा

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्टाम एक मीटर ९१ सेंटिमीटर उंच, डोक्यावर केस नाहीत, खांदे रुंद. त्याला नुसतं बघून कुणालाही वाटावं की हा अंगावर जाणारा, टॅकल मारून बॉल काढणारा बॅक असणार. प्रत्यक्षात फॉरवर्ड बॉल घेऊन समोर आला की स्टाम लगेच पाय घालत नसे. अंग थोडं तिरकं करून, गुडघे वाकवून तो दोन-तीन पावलं मागे सरकायचा आणि समोरच्याला हळूहळू बाहेरच्या बाजूला, साइडलाइनकडे न्यायचा. तिथे त्या फॉरवर्डला बॉल पुढे ढकलून पळण्याशिवाय मार्ग राहत नसे. बॉल पायापासून हातभर सुटला की त्याच क्षणी स्टाम आपलं अंग बॉल आणि माणूस यांच्या मधे घालायचा. शॉट नाही, टॅकल नाही, फाउल नाही. बॉल स्टामकडे आणि फॉरवर्ड मागे राहिलेला, एवढंच प्रेक्षकाला दिसायचं.

हे जमायचं ते त्याच्या वेगामुळे. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस मागे वळून पंधरा-वीस मीटरच्या शर्यतीत फॉरवर्डला गाठेल असं वाटत नसे, पण तो गाठायचा. युनायटेडची खेळण्याची पद्धत या वेगावर विसंबून होती. बेकहॅम आणि गिग्ज दोन्ही बाजूंनी वर, त्यांच्या मागून गॅरी नेव्हिल आणि डेनिस आयर्विनही वर. बचावाची रेषा मध्यरेषेच्या जवळ आणि तिच्या मागे गोलकीपरपर्यंत मोकळं मैदान. त्या मोकळ्या मैदानात बॉल पडला तर धावून जाणारा कोणीतरी लागतो. तो असला की बाकीचे नऊ जण निश्चिंतपणे पुढे जातात. नसला की त्यांचं प्रत्येक पाऊल जरा अडखळतं. स्टामचा हा उपयोग त्याच्या स्वतःच्या नावापुढच्या कुठल्याही आकड्यात येत नाही. तो दिसतो नेव्हिलच्या पळण्यात आणि बेकहॅमच्या क्रॉसमध्ये. युनायटेडकडून १२७ सामन्यांत स्टामचा गोल एकच, जानेवारी १९९९ मध्ये लेस्टरविरुद्ध.

फर्ग्युसन यांच्यासमोरची पानं

आता त्यांच्या खुर्चीत बसून बघू.

पहिली गोष्ट टाचेची. २०००-०१ च्या हंगामात स्टामच्या टाचेच्या शिरेवर, म्हणजे अकिलीस टेंडनवर, शस्त्रक्रिया झाली. लीगचे अवघे १५ सामने तो खेळला. पोटरीला टाचेशी जोडणारी ही शीर धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या कित्येक पट ताण घेते. जड बांध्याच्या आणि तिशीकडे झुकलेल्या खेळाडूची ही शीर एकदा दुखावली की वेग पहिल्यासारखा परत येईलच याची खात्री कोणी डॉक्टर देत नाही. आणि वर सांगितलं तसं, स्टामचा सगळा खेळ त्या वेगावर. परत आल्यावर तो थोडा मंदावलाय असं फर्ग्युसन यांना वाटलं. त्यांनी पुढे हेच कारण दिलं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. स्टाम निम्म्याहून जास्त हंगाम बाहेर असताना त्या २०००-०१ मध्ये युनायटेडने लीगमध्ये किती गोल खाल्ले? फक्त ३१. त्याआधीच्या हंगामात, स्टाम जवळजवळ सगळे सामने खेळला तेव्हा, ४५ खाल्ले होते. कागदावर हे दोन आकडे शेजारी ठेवले तर सरळ अर्थ निघतो की स्टामवाचून आपलं काही अडत नाही. वेस ब्राउनसारखा एकवीस वर्षांचा पोरगा त्याची जागा भरून काढतोय आणि करंडक तर येतोच आहे.

हा अर्थ चुकीचा होता, पण त्या वेळी तो चुकीचा दिसत नव्हता. १९९९-२००० मध्ये पीटर श्मायकेल सोडून गेला होता, गोलमध्ये एकामागून एक माणसं बदलून बघितली जात होती, आणि ९७ गोल ठोकणारा तो संघ मागचं दार उघडं टाकूनच खेळत होता. २००० मध्ये फाबियां बार्तेझ आला आणि गोलपोस्टमधली गडबड थांबली. ४५ चे ३१ होण्यामागे हा बदल होता. स्टामच्या असण्या-नसण्याचा हिशोब त्यात मिसळून गेला.

तिसरी गोष्ट पैशाची. त्या उन्हाळ्यात युनायटेडने पीएसव्हीकडून रूड वान निस्टलरॉय सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांना आणि लाझिओकडून हुआन सेबास्टियन वेरॉन २ कोटी ८० लाखांच्या वर घेतला होता. क्लब तेव्हा लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेला होता. फुटबॉल क्लबच्या हिशोबात खेळाडूवर खर्च केलेली रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून दरवर्षी थोडी थोडी उतरवतात. तीन वर्षांनंतर स्टामची पुस्तकी किंमत बरीच खाली आली असणार. अशा वेळी खरेदीपेक्षा जास्त किंमत, दीड कोटी पौंडांहून अधिक, कोणी देतो म्हटलं की ताळेबंदात तो घसघशीत नफा दिसतो. तिशीला टेकलेल्या, टाचेची शस्त्रक्रिया झालेल्या बचावपटूला एवढा भाव पुन्हा येणार नाही, हा विचार व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचा नव्हता.

फुटबॉलमधल्या आकडेवारीच्या अभ्यासकांत आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. स्टामच्या प्रत्येक सामन्यातल्या टॅकलची संख्या घटत चालल्याचं आकड्यांत दिसलं आणि त्यावरून तो उतरणीला लागल्याचा निष्कर्ष निघाला, अशी ती गोष्ट. निर्णयात तिचा वाटा किती होता हे बाजूला ठेवू. तशी मोजणी झाली असेल तर ती फसवी होती एवढं नक्की. जागेवर उभं राहून काम भागवणाऱ्या बचावपटूची टॅकल अनुभवाने कमीच होत जातात. तिरकं उभं राहून फॉरवर्डला साइडलाइनला नेण्याचं जे वर सांगितलं, त्याला मोजायला तेव्हा रकानाच नव्हता.

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे सगळं पेटलं. त्याच ऑगस्टमध्ये स्टामचं आत्मचरित्र आलं आणि त्यातले उतारे एका ब्रिटिश वर्तमानपत्राने छापले. पीएसव्हीची परवानगी नसताना फर्ग्युसन यांनी आपल्याशी आधीच बोलणी केली होती, असं त्यात होतं. सहकाऱ्यांवर, विशेषतः नेव्हिल बंधूंवर, काही शेरे होते. १९ ऑगस्टला फुलहॅमविरुद्धच्या पहिल्या सामन्यात स्टाम खेळला. युनायटेड ३-२ जिंकलं, पण फुलहॅमचे दोन्ही गोल लुई साहाने बचावाची दाणादाण उडवून केले. तीन दिवसांनी ब्लॅकबर्नला स्टामचं नाव संघात नव्हतं.

त्यानंतरचा प्रसंग स्टामने मुलाखतींत सांगितला आहे. फर्ग्युसन यांचा फोन आला. भेट ठरली ती एका पेट्रोल पंपावर. स्टाम गाडीने तिथे गेला, फर्ग्युसन यांच्या गाडीत बसला आणि तिथेच त्याला कळलं की लाझिओशी रक्कम ठरली आहे, आता जायचं आहे. तीन लीगविजेतेपदं, एक चॅम्पियन्स लीग आणि निरोप पेट्रोलच्या वासात. हे वाचताना माझ्या पोटात आजही कालवतं. खेळाडू ही क्लबची मालमत्ता असते हे मला कळतं. पण आपल्यासाठी शरीर झिजवलेल्या माणसाला क्लबच्या एखाद्या खोलीत बसवून, चहा समोर ठेवून हे सांगता आलं असतं.

पुस्तकामुळे विकलं नाही, असं फर्ग्युसन यांनी कायम म्हटलं आहे. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टाच, वय आणि पैसा यांचा विचार मनात आधीपासून चालू असणार. पुस्तकाने तो आठवड्याभरात उरकायला लावला. आणि घाई हीच महाग पडली. चॅम्पियन्स लीगसाठी खेळाडूंची यादी देण्याची मुदत ऑगस्टअखेरीस संपत होती. पर्याय शोधायला मोजून चार दिवस. इंटर मिलानकडून करार संपलेला, विनामूल्य येऊ शकणारा ब्लां तेवढ्यात मिळाला. तोही मोठाच खेळाडू, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचा स्तंभ. पण पस्तीस वर्षांचा.

युनायटेडचं काय झालं

ब्लां खेळ वाचण्यात स्टामपेक्षा सरस होता असं मी म्हणेन. पायात बॉल असताना तर नक्कीच. सप्टेंबर २००१ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध युनायटेड मध्यंतराला ०-३ मागे होतं आणि शेवटी ५-३ जिंकलं, त्यातला एक गोल ब्लांचा. त्याच्याकडे नव्हता तो वेग, आणि युनायटेडची बचावरेषा तर होती तिथेच, मध्यरेषेजवळ. फ्रान्सकडून खेळताना त्याच्या शेजारी देसाई आणि उजवीकडे तुराम असायचे, मागची मोकळी जागा ते झाकायचे. इथे ब्राउन आणि यॉन्सन, दोघंही गुडघ्याच्या जुन्या दुखापती अंगावर वागवणारे.

१ डिसेंबरपर्यंत युनायटेड लीगचे पाच सामने हरलं होतं. न्यूकॅसलकडे ३-४, घरच्या मैदानावर बोल्टनकडून १-२, लिव्हरपूलकडे १-३, आर्सेनलकडे १-३ आणि ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे पुन्हा घरीच, चेल्सीकडून ०-३. या पाच संघांच्या नावांची इंग्रजीतली पहिली अक्षरं जुळवली की ब्लां याच्याच नावाचं स्पेलिंग होतं, आणि इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्या बिचाऱ्याला ते पुन्हा पुन्हा ऐकवलं. मला त्यात अन्याय वाटतो. पस्तिसाव्या वर्षी बोलावलं म्हणून तो आला. आपल्या वयाच्या खेळाडूला न झेपणारी रेषा त्याने आखलेली नव्हती.

त्या हंगामात युनायटेड तिसरं आलं. ८ मे २००२ ला आर्सेनलने ओल्ड ट्रॅफर्डवरच १-० असं जिंकून लीग नेली. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर लेव्हरकुसेनने दोन्ही सामने बरोबरीत ठेवून परक्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या जोरावर बाहेर काढलं. लीगमध्ये खाल्लेले गोल : ४५.

हा ४५ चा आकडा घेऊन 'बघा, स्टाम गेला आणि काय झालं' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तसं म्हणणार नाही. स्टाम असतानाही १९९९-२००० मध्ये बरोब्बर ४५ च खाल्ले होते आणि तरी लीग १८ गुणांच्या फरकाने जिंकली होती. शिवाय २००१-०२ मध्ये एकाच वेळी बरंच काही बदललं होतं. वेरॉनसाठी मधल्या फळीची जुनी चौकट मोडली होती. स्कोल्स वान निस्टलरॉयच्या मागे खेळत होता. सहाय्यक प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लारेन मिडल्सब्रोला गेला होता. आणि फर्ग्युसन यांनी हंगामाअखेर निवृत्त होण्याचं जाहीर केलं होतं, जे फेब्रुवारीत मागे घेतलं. यातलं कुठलं किती जबाबदार, हे सुटं करून दाखवता येत नाही. २०००-०१ च्या ३१ गोलांवरून स्टामची गरज संपल्याचं ठरवणं जितकं उथळ होतं, तितकंच या ४५ वरून त्याची गरज सिद्ध करणंही उथळ ठरेल.

माझ्या मते खरा पुरावा दुसरीकडे आहे. जुलै २००२ मध्ये युनायटेडने लीड्सकडून रिओ फर्डिनंड घेतला. उंच, वेगवान, मागच्या मोकळ्या जागेत धावून जाणारा, तेवीस वर्षांचा. किंमत सुमारे तीन कोटी पौंड, बचावपटूसाठी तोवरची जगातली सर्वाधिक. स्टामला विकून जे आले त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि स्टामचे पैसे तरी पूर्ण हातात होते का? लाझिओकडच्या हप्त्यांची मोठी रक्कम बराच काळ अडकून राहिली. जिथून माणूस काढला होता त्याच जागेवर, त्याच गुणांचा माणूस वर्षभराच्या आत एवढ्या किमतीला आणावा लागला. त्या जागेची किंमत फर्ग्युसन यांनी स्वतःच्या चेकने लिहून दिली असं मी समजतो. पुढच्या मोसमात, २००२-०३ मध्ये, युनायटेडने लीग परत मिळवली. ब्लांही त्या संघात होता आणि विजेतेपद घेऊनच त्याने बूट उतरवले.

आणि स्टामचं

रोममध्ये त्याची सुरुवात युनायटेडच्या मोसमापेक्षाही वाईट झाली. १३ ऑक्टोबर २००१ च्या अटालांटाविरुद्धच्या सामन्यानंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात नँड्रोलोन हे बंदी असलेलं स्नायुवर्धक द्रव्य सापडलं. स्टामने आपण काही घेतल्याचा आरोप कायम नाकारला. आधी पाच महिन्यांची बंदी, अपिलात ती चार महिन्यांवर आली.

याची त्या वर्षीची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय हे लिहिणं योग्य होणार नाही. २००१ या एका वर्षात एडगर डाविड्स, फ्रांक डे बूर, फर्नांडो कौटो, पेप ग्वार्दिओला अशी नावाजलेली माणसं नँड्रोलोनच्याच चाचणीत अडकली. ग्वार्दिओला पुढे निर्दोष सुटला. चाचणीत पुरुषांसाठी मर्यादा होती मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅम, म्हणजे अत्यंत सूक्ष्म. दूषित पूरक गोळ्या-पावडरींतूनही ती ओलांडली जाऊ शकते, हा युक्तिवाद त्या काळात अनेकांनी केला. स्टामच्या शरीरात ते कुठून आलं, याचा उलगडा झालेला नाही. त्याने बंदी भोगली आणि मार्च २००२ मध्ये परत आला. परका देश, येत नसलेली भाषा, नवा क्लब आणि चार महिने मैदानाबाहेर. ऑगस्टमधल्या निर्णयाची बाजू घ्यायची असेल तर ती घ्यायला हीच वेळ सर्वांत सोयीची होती.

नंतरची दोन वर्षं लाझिओ आर्थिकदृष्ट्या कोसळत होता. मालक सेर्जिओ क्रान्योत्ती यांची चिरिओ ही खाद्यपदार्थांची कंपनी नोव्हेंबर २००२ मध्ये कर्जरोखे फेडू शकली नाही. जानेवारी २००३ मध्ये ते क्लबमधून बाहेर पडले. खेळाडूंचे पगार थकले. त्याआधीच, ऑगस्ट २००२ अखेरीस, स्टामचा जोडीदार आलेसांद्रो नेस्ता मिलानला विकावा लागला होता. या पडझडीत रॉबेर्तो मान्चिनी यांच्या हाताखाली लाझिओ २००२-०३ मध्ये चौथं आलं आणि २००४ मध्ये युव्हेंटसला हरवून इटालियन कप जिंकलं. दोन्ही वेळा स्टाम मागे उभा होता. टाच टिकली होती. त्या काळी इटलीत बचावरेषा इंग्लंडपेक्षा खोल उभी राहायची, मागे पळण्याची वेळ कमी यायची, हाही त्याला फायदा झाला असणार.

मग एसी मिलान, २००४ ते २००६. ज्या क्लबात माल्दिनी, नेस्ता, काफू, कोस्ताकुर्ता होते, त्याला आणखी एक बचावपटू हवासा वाटला आणि त्यांनी बत्तिसाव्या वर्षी स्टामला बोलावलं. बचाव म्हणजे काय हे त्या क्लबाला कुणी शिकवायची गरज नव्हती. २००५ च्या वसंतात चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत मिलानसमोर आलं ते मँचेस्टर युनायटेडच. ओल्ड ट्रॅफर्डवर १-०, मिलानच्या सान सिरोवर १-०, दोन्ही गोल एर्नान क्रेस्पोचे. युनायटेडला १८० मिनिटांत मिलानविरुद्ध एकही गोल करता आला नाही.

त्यानंतर आली २५ मे २००५ ची इस्तंबूलची रात्र, लिव्हरपूलविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची. काफू, स्टाम, नेस्ता, माल्दिनी अशी चौकडी पुन्हा कधी एकत्र दिसेल असं वाटत नाही. मध्यंतराला मिलान ३-० पुढे. मग ५४ व्या मिनिटाला जेरार्ड, ५६ व्या मिनिटाला श्मित्सर, ६० व्या मिनिटाला अलोन्सो. सहा मिनिटांत तिन्ही गोल परत, आणि पेनल्टीवर लिव्हरपूल विजेतं. मी तो सामना मित्राच्या घरी रात्री जागून बघितला. तिसरा गोल झाला तेव्हा कॅमेऱ्यात ते चौघं एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी परतताना दिसले. इतके अनुभवी लोक सहा मिनिटांत असे उघडे पडू शकतात, हे बघून मी सुन्न झालो. स्टाम अभेद्य होता असा दावा कुणी करत असेल तर ही सहा मिनिटं त्याच्यासमोर ठेवावीत. २००० च्या युरो या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेतल्या उपांत्य सामन्यात अ‍ॅमस्टरडॅमला, दहा जणांच्या इटलीविरुद्ध, त्याने आडव्या दांडीवरून आकाशात मारलेली पेनल्टीही ठेवावी. नेदरलँड्सकडून तो ६७ सामने खेळला, १९९८ चा विश्वचषक आणि २००० व २००४ चा युरो अशा तीन उपांत्य फेऱ्या खेळला आणि अंतिम फेरीत एकदाही पोचला नाही.

२००६ मध्ये तो मायदेशी आयाक्सला गेला, कप्तान झाला, २००७ चा डच कप उचलला. पंधरा वर्षांत आठ क्लब आणि तीन देश. २९ ऑक्टोबर २००७ ला, नवा हंगाम ऐन भरात असताना, शरीर आता पूर्ण साथ देत नाही असं सांगून तो थांबला. जी टाच २००१ मध्येच संपली असं मानलं गेलं, ती आणखी सहा वर्षं चालली होती.

त्या दिवशी स्टामचं वय होतं ३५ वर्षं ३ महिने. ब्लां त्याची जागा घ्यायला ओल्ड ट्रॅफर्डवर आला, तेव्हा तो ३५ वर्षं ९ महिन्यांचा होता.